भांगाचं पाणी

बुधवारी सकाळी नामा कामावर निघाला तेव्हा जनी ओट्यावर कालवं फोडत बसली होती. पायात चपला सरकवत तो म्हणाला, "आज टाकीचं काम हाय. झालं का सुट्टी. दुपारच्यालाच येतंय घरा."

जनीनं मान वर न करता नुसतं हूं केलं. कालवाच्या शिंपेनं तिचा अंगठा कापला होता, तो तोंडात धरून ती रक्त चोखत होती. जाताना नवऱ्याकडं धड पाहिलंसुद्धा नाही, ही गोष्ट तिला पुढं फार दिवस डाचत राहिली.

दुपारी नामा आला नाही. दिवेलागणीला धाकटा दीर चंदू चौकशीला गेला. मानपाड्याला कारखान्यांची जी मोठी वसाहत उठली होती, तिच्या अगदी टोकाला रंगाची कंपनी होती. तिला पाटीवरच्या नावानं कोणी ओळखत नसे. तिच्या मागचा नाला कधी लाल, कधी निळा वाहायचा, म्हणून ती रंगाची कंपनी. चंदू परत आला तो तोंड उतरवून.

"वयनी, वॉचमन बोलतो का नामादादा मंगलवारपासनं कामावर आलाच नाय."

"तं सकाली कुटं गेला?"

म्हातारा भिवाजी, नामाचा बाप, भिंतीला टेकून जाळं विणत होता. त्याची सुई थांबली.

बंदरपाडा म्हणजे डोंबिवलीच्या पश्चिमेला खाडीकाठी वसलेली पंचवीस-तीस कोळ्यांची घरं. पिढ्यान्‌पिढ्या खाडीच्या जिवावर जगलेली. पण त्या वर्षी भाद्रपदात खाडीतली बोईटं पांढरी पोटं वर करून तरंगली. चिंबोऱ्या बिळांतून बाहेर येऊन चिखलावर मरून पडल्या. जी मासळी जाळ्यात यायची तिला घासलेटाचा वास यायचा, बाजारात बाया ती नाकाशी धरून परत टोपलीत टाकायच्या. दोन महिने वाट पाहून नामानं होडी काठावर ओढून पालथी घातली आणि दौलत कंत्राटदाराच्या हाताखाली रंगाच्या कंपनीत कामाला लागला. "ज्यांनी मासली मारली त्यांच्याकरंच चाकरी," असं भिवाजी एकदाच म्हणाला होता. पोट होतं, सहा वर्षांची रतन होती. करणार काय?

गुरुवारी उजाडता उजाडता भिवाजी हातात लोखंडी आकडा घेऊन आणि कमरेला डालकी बांधून खाजणात, खाडीकाठच्या दलदलीत गेला. वरच्या अंगाला, तिवरांच्या मुळांत, अजून एखादी चिंबोरी जिवंत मिळायची. गुडघाभर चिखल तुडवत तो वर चढला. तिथला चिखल सुकून वर पापुद्रा धरला होता, त्याला बारीक भेगा गेल्या होत्या. आणि त्या भेगाळ चिखलावर, तिवरांच्या आडोशाला, नामा उताणा पडला होता.

भिवाजी तिथंच उकिडवा बसला. त्यानं मुलाच्या डोळ्यांवर बसलेल्या माशा हाकलल्या. मग उठून घरी आला, ओट्याशी उभा राहिला आणि म्हणाला, "जने, नामा खाजनान हाय. चंदूला बोलाव. एकट्याच्यानं उचलायचा नाय तो."

*

हवालदार आला तो बूट चिखलानं भरले म्हणून वैतागलेला. त्यानं बांधावरूनच पाहिलं आणि कागद मांडीवर घेतला. चार ओळी झाल्यावर त्यानं विचारलं, "दारू प्यायचा का?"

"सनासुदीला," चंदू म्हणाला.

"म्हणजे प्यायचा." हवालदारानं लिहिलं. "बंदरावर प्याला, तोल गेला, पाण्यात पडला. भरतीनं इकडं आणून टाकला. काय म्हातारबा?"

भिवाजी म्हणाला, "सायेब, हतं पानी येत नाय."

"खाडीत पाणी येत नाही?" हवालदार हसला. बरोबरचे दोघं पंचही हसले.

"येतं. पन काल अष्टमी व्हती. भांगाचं पानी. अवसपुनवेला उधान येतं तवा पानी हतं चढतं. अष्टमीला अर्ध्यातनंच मागं फिरतं. ह्यो चिखल बगा, चार दिस पानी लागलं नाय त्याला. आनि बुडालेला मानूस दुसऱ्या दिशी वर नाय येत. तिसऱ्या दिशी येतो, फुगून."

"इथं अंगठा कर," हवालदार म्हणाला.

भिवाजीनं अंगठा केला. मुलाचं प्रेत हलवायला तेवढाच उपाय होता.

सरकारी दवाखान्यातून मढं आलं ते शिवलेलं. आंघोळ घालायला पुरुष पुढं झाले तेव्हा जनी म्हणाली, मी पानी घालनार. कोणी अडवलं नाही. तिनं तांब्यानं पाणी ओतलं, हातानं तोंड चोळलं. नाकपुड्यांच्या आत, दातांच्या फटींत, कानांच्या पाळ्यांमागं पिवळा रंग होता. जर्द, औषधी वासाचा. तिनं साबण लावला, मग राख लावली. रंग निघेना. उलट तिचीच बोटं पिवळी झाली. चंदूनं हात वर उचलले तेव्हा काखेखाली दोन्ही बाजूंना तिला वळ दिसले. बोटभर रुंद, काळेनिळे, पिळाच्या खुणा उमटलेले.

"आबा," ती म्हणाली, "ह्यो दोराचा हाय."

भिवाजीनं वाकून पाहिलं. आयुष्य दोरांत गेलेला माणूस. त्यानं वळावरून अंगठा फिरवला. "वजन खालनं वर वढल्याचा हाय," तो हळूच म्हणाला. "टाकीचं काम बोल्ला व्हता ना तो?"

त्या दिवशी हे दोघांनाच कळलं. बाकीचे रडण्यात होते.

*

दहावं झालं आणि दौलत आला. पांढरा सफारी, बोटात अंगठी. त्याची माणसं मानपाड्यात होती, वागळे इस्टेटीतही होती. ओट्यावर टेकून त्यानं रतनच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला.

"नामा म्हणजे आपला खास माणूस," तो म्हणाला. "अरे चंदू, टेन्शन नको घेऊ. मी साहेबांशी बोललोय. तुला कंपनीत लावतो. माझ्याकडं नाय, डायरेक्ट कंपनीत. पर्मनंट. घरात एक माणूस कमावता पाहिजे, काय आबा?"

मग त्यानं खिशातून टाईप केलेला कागद काढला. "ही एक फॉर्मॅलिटी. वयनीचा अंगठा, चंदूची सही. बस."

"काय लिवलंय?" जनीनं विचारलं.

"काय नाय, नामा मंगळवारपासून कामावर येत नव्हता, एवढंच. आपल्या हजेरीच्या मस्टरवर तसंच आहे."

"बुधवारी मी भाकर बांधून दिली त्याला."

"वयनी, मस्टर खोटं बोलतं काय?"

"टाकीन कोन उतरलं व्हतं बुधवारी?"

दौलतचा चेहरा हलला नाही, पण बोटातली अंगठी फिरवायचा तो थांबला. तो चंदूकडं पाहून म्हणाला, "बाईमाणूस दुःखात आहे. समजाव तिला."

जनीनं अंगठा दिला नाही. चंदूनं सही केली. ओट्यावर, बापाच्या देखत, बॉलपेननं, शाळेत शिकला होता तशी वळणदार सही. भिवाजी खाडीकडं तोंड करून बसला होता.

दौलत गेल्यावर चंदू म्हणाला, "तो काय परत येनार हाय? खारीन मासली नाय, घरान दाना नाय. मी काय करू ते तरी सांगा."

पुढच्या सोमवारपासून तो कंपनीचा निळा शर्ट घालून कामावर जाऊ लागला.

*

जनीनं मासळीची पाटी उचलली. खाडीत मासळी नव्हती. पहाटे बाजारात जाऊन ती बोंबील, मांदेली घ्यायची आणि दुपारी रंगाच्या कंपनीच्या फाटकासमोर, नाल्यावरच्या मोरीला टेकून बसायची. गिऱ्हाइकासाठी ती जागा वाईटच. बाजार सोडून तिथं मासळी घेणार कोण? पण पहिली पाळी सुटताना फाटकातून दीडएकशे माणसं बाहेर पडत. त्यातल्या कोणी ना कोणी तरी दोर ओढला होता. त्यानं आपल्याला रोज पाहावं, एवढ्यासाठी ती बसायची.

माणसं मान वळवून जायची. काही दिवसांनी त्यांनी रस्त्याची पलीकडची बाजू धरली. चंदूही तिकडूनच जायचा. वॉचमननं आधी दमदाटी केली, मग एक दिवस फाटक धुण्याच्या निमित्तानं नळीचं पाणी तिच्या अंगावर सोडलं. ओल्या लुगड्यानिशी ती तशीच बसून राहिली. मांदेली वाहून मोरीत गेली. ती कुडकुडत होती आणि पाटी दोन्ही हातांनी धरून होती. हसणारे हसले, पण थोड्या वेळानं हसू थांबलं.

उन्हाळा आला. रंगाच्या वाफेनं तिचे डोळे चुरचुरायचे. घरी आली की रतन म्हणायची, "आये, तुजा वास बाबासारखा येतो."

एक माणूस मात्र रोज यायचा. पन्नाशीचा, वाळका, सारखा खोकणारा. भाव करायचा नाही. पाटीत असेल ते, शिळं असलं तरी, घ्यायचा आणि खाली मान घालून जायचा. तो बोंबील दोन बोटांत असे धरायचा की जनीला नवल वाटायचं. ज्याच्या घरी मासळी शिजते तो मासळी अशी धरत नाही. एकदा तो वाकला आणि शर्टाच्या गळ्यातून तुळशीची माळ बाहेर आली.

माळकरी माणूस आणि रोज मासळी?

ती उठून मागोमाग गेली. वळणावरच्या कट्ट्यापाशी तो थांबला, पुडा सोडला आणि सगळे बोंबील मांजरांपुढं टाकले. मग नळावर हात धुतले, पुन्हा धुतले. पाठीमागं जनी उभी होती.

"तुमी व्हता तिथं," ती म्हणाली.

त्याचे ओले हात तसेच राहिले. "ताई, मला इचारू नका," तो म्हणाला आणि जवळजवळ पळतच गेला.

दुसऱ्या दिवसापासून तो कामावरच दिसेनासा झाला. जनीनं पंधरा दिवस विचारलं. शेवटी चहाच्या टपरीवाल्यानं तिच्याकडं न बघता, कपबश्या विसळता विसळता सांगितलं, "सहदेव. साताऱ्याकडचा. टिटवाळ्याला खोली घेतलीय त्यानं. मी सांगितलं म्हणू नका."

*

टिटवाळ्याला स्टेशनच्या मागं नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते. त्यांच्या पलीकडं पत्र्याच्या चाळी. जनीनं तीन चाळी पालथ्या घातल्या तेव्हा खोली सापडली. सहदेवची बायको शीला दारात तांदूळ निवडत होती. आत अंथरुणावर सहदेव बसला होता, भिंतीला पाठ लावून, श्वासासाठी तोंड उघडं ठेवून.

जनीला बघून तो रडायलाच लागला. मग त्यानं सांगितलं. शीलानं तांदळाचं सूप खाली ठेवलं, ते पुन्हा उचललं नाही.

"सांडपाण्याची टाकी हाय, जमिनीखाली, दोन पुरुष खोल. तळाला गाळ बसतुया, त्यो काढायचा हुता. दौलत म्हनला, नामा उतर. नामा म्हनला, वास लई येतुया, उद्या उतरू. दौलत म्हनला, कोळी ना रं तू, पाण्याला भितूस? नामा उतरला. चार घमेली वर दिली. पाचवं आलं न्हाय. म्या हाक मारली. खाली नुसता गाळावर पडलेला दिसला. म्या तोंडाला वलं फडकं बांधलं आन् शिडीनं उतरलो. काखंत दोर घातला. वर चौघांनी वढला. माझं बी डोकं फिरलं, मला बी वढून काढलं. तवापास्नं हा खोकला."

"जिता व्हता?"

"न्हाय, ताई. वर आला तवा संपलाच हुता." सहदेवनं तोंडावर हात घेतला. "दौलत म्हनला, बोभाटा झाला तर कंपनीला कुलूप, समद्यांची चूल बंद. दिवस मावळताना टेम्पोतून नाल्याच्या कडंनं नेला. त्याला पाण्यात सोडायचा हुता. पर पाणी लांब हुतं, अन् चिखलात पाय रुतायला लागलं. दौलत म्हनला, ठेवा हितंच, रातच्याला भरती येऊन नेईल." तो थांबला. "म्या पाय धरलं हुतं."

जनीला आपण काय करू हे समजेना. तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्या पायांवर डोकंही ठेवावंसं वाटलं. ती म्हणाली, "ह्ये कोर्टान बोला."

"मग मलाच बेड्या पडतील."

"बोला."

तेव्हा शीला उठली. "बाई, तुमचं दुःख मोठं आहे," ती म्हणाली. "पण माझ्या दोन पोरी उजवायच्यात, आणि हा असा. हा बोलणार नाही. तुम्ही पुन्हा येऊ नका." तिनं जनीला हाताला धरून बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. आत खोकल्याची ढास सुरू झाली ती जनीला चाळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होती.

*

कल्याणला श्रीपाद नावाचे एक म्हातारे वकील कामगारांच्या केसेस चालवत. त्यांनी जनीचं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला.

"जनीबाई, तुम्ही सांगता त्यातला शब्द न् शब्द खरा असणार. पण मस्टर म्हणतं तो गैरहजर होता, डॉक्टर म्हणतात बुडून मेला, वळांचा न् रंगाचा त्यांच्या कागदात उल्लेखच नाही, आणि तुमच्याच दिराची सही त्यांच्याकडे आहे. मला टाकीपाशी उभा असलेला माणूस हवा. तो नसेल तर मी फक्त भांडू शकतो."

"तं भांडा," जनी म्हणाली.

ठाण्याच्या कामगार कोर्टात अर्ज पडला. तारखा पडत राहिल्या. दर तारखेला जनी आणि भिवाजी सकाळी निघायचे, दिवसभर कोर्टाच्या बाकावर बसायचे आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. एकदा साहेब रजेवर, एकदा कंपनीचा वकील आजारी, एकदा कागदच सापडेना. भिवाजीचे गुडघे सुजले. जिना चढताना तो कठड्याला धरून प्रत्येक पायरीला थांबायचा. सव्वा वर्ष असं गेलं. मधल्या काळात चंदूनं लग्न केलं आणि मानपाड्याला खोली घेऊन वेगळा झाला. लग्नात भिवाजी अक्षता टाकायला गेला आणि जेवण न करता परत आला.

भिवाजीची साक्ष निघाली. कंपनीचा वकील तरुण होता, काळ्या कोटात हसतमुख.

"आजोबा, किती शिकलात?"

"शाला नाय."

"मग अष्टमीला पाणी कुठवर चढतं, हे कुठल्या पुस्तकात वाचलंत?"

भिवाजी न्यायाधीशांकडं वळला. "सायेब, तिथीची पाऊनपट करायची. अष्टमीची पाऊनपट सहा. म्हंजे सहाला दर्यान भरती, आमच्या खारीन तासाभरानं मागून. पन ती भांगाची. मी साठ वर्सं पानी बगतंय. ज्या जागी माजा पोऱ्या गावला, तिथं पानी अवसेच्या टायमाला चढतं, आनि त्याला अजून सात दिस व्हते."

न्यायाधीशांनी कारकुनाला भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरांतून त्या सालचं शोधायला लावलं. पान उलटून पाहिलं. बुधवार, मार्गशीर्ष वद्य अष्टमी. कोर्टात क्षणभर कुजबूज झाली. जनी बाकाच्या कडेला सरकून बसली.

"मान्य," वकील म्हणाला. "पाणी चढलं नसेल. कुत्री-कोल्ही असतात की खाजणात. त्यांनी ओढत वर नेलं असेल. काय आजोबा, नसेल का नेलं?"

कठडा धरून भिवाजी नुसता उभा राहिला. न्यायाधीशांनी त्याला बसायला सांगितलं, तेव्हाही तो उभाच होता. जनीनं जाऊन त्याला हाताला धरून आणलं.

त्याच दिवशी दुपारी कंपनीनं आपला साक्षीदार पुकारला. निळ्या शर्टातला चंदू पिंजऱ्यात येऊन उभा राहिला.

"बुधवारी सकाळी तुमचा भाऊ कुठं होता?"

चंदूनं एकदा बापाकडं पाहिलं. "घरीच," तो म्हणाला.

"काय करत होता?"

"पीत व्हता."

"खोटा!" जनी किंचाळली. शिपायानं तिला बाहेर काढलं. व्हरांड्यात ती भिंतीला डोकं आपटत राहिली, येणारेजाणारे बघत राहिले. थोड्या वेळानं चंदू बाहेर आला. तो तिच्यापाशी थांबला. मागून भिवाजी आला. त्यानं चंदूकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसं पाहिलं आणि म्हणाला, "जने, चल. गारीची येल झाली."

श्रीपाद वकिलांनी जिन्यात हळूच सांगितलं, "पुढच्या तारखेला युक्तिवाद. खोटी आशा मी दाखवत नाही."

त्या आठवड्यात जनीनं पाटी उचलली नाही. घरात पाण्याचा हंडासुद्धा भरला नाही. रतन शेजारी जेवायची. एका दुपारी जनी खाजणाच्या बांधावर जाऊन बसली. उधाण होतं. वरच्या तिवरांपर्यंत पाणी भरलेलं. आपण चार पावलं पुढं गेलो तर, असं तिच्या मनात येऊन गेलं. पाय चिखलात घातलेसुद्धा. मग तिला आठवलं, सगळे म्हणतील, नवऱ्यासारखीच बुडाली. दोघांचंही खोटंच लिहिलं जाईल. ती परत फिरली. फिरली ती थेट स्टेशनावर गेली.

टिटवाळ्याला शीला दारातच होती. जनीनं आत पाऊल टाकलं नाही, काही मागितलं नाही. "सोमवारी शेवटची तारीख हाय," ती म्हणाली. "माज्या दिरानं सांगतलं का तो दारू पीत व्हता. एवढंच तुमच्या मालकांना सांगा." आणि वळून चालायला लागली.

शीला तिच्या मागं दोन पावलं आली. "अहो बाई, तुमच्या पायांना चिखल लागलाय," ती म्हणाली. "धुऊन तरी जा." जनी थांबली नाही.

*

सोमवारी श्रीपाद वकील कागद जुळवत होते तेव्हा जिन्यावरून खोकला ऐकू आला. शीला सहदेवला धरून वर आणत होती. प्रत्येक पायरीला तो बसत होता. शेवटची पायरी चढल्यावर शीला जनीला म्हणाली, "दीड वर्ष झालं, ह्यांनी घरात धड घास खाल्ला नाही. रोज पोरींच्या ताटात बोंबील आहेत म्हणून किंचाळतात, आणि आमच्या ताटात भाजी असते. असा नवरा राखून तरी मी काय करू? मी म्हटलं, चला."

उशिरा आलेल्या साक्षीदारावरून दोन्ही वकिलांची बरीच झटापट झाली. न्यायाधीशांनी शेवटी परवानगी दिली. सहदेवला उभं राहता येईना, म्हणून स्टूल दिलं. टाकीपासून खाजणापर्यंत सगळं त्यानं सांगितलं. मधेमधे श्वास लागायचा, तेव्हा सगळं कोर्ट थांबायचं.

कंपनीचा वकील उठला. "म्हणजे प्रेत लपवायला तुम्हीही मदत केली?"

"व्हय."

"याची शिक्षा माहीत आहे?"

"म्या पाय धरलं हुतं," सहदेव म्हणाला. "त्ये बी लिवा."

नामा कामावर असताना मेला, असं कोर्टानं ठरवलं आणि जनीला भरपाई द्यायचा हुकूम झाला. श्रीपाद वकिलांनी निकालाची नक्कल घेऊन वरपर्यंत अर्ज केले तेव्हा कुठं गुन्हाही दाखल झाला. पण गुन्ह्याची तऱ्हा अशी, की दौलतला अटकेच्या आधीच जामीन मिळाला होता. कंपनीच्या मालकाचं नाव कागदात आलंच नाही. ज्यांनी दोर ओढला त्यातले दोघं गावी पळाले होते. पोलिसांच्या हाती सहज लागला तो सहदेव, टिटवाळ्याच्या खोलीत अंथरुणावर. त्याला त्यांनी जीपमध्ये घातला.

तिसऱ्या दिवशी शीला बंदरपाड्यात आली. जनीखेरीज तिच्या ओळखीचं इथं कोणी नव्हतं. "जामीन मंजूर झालाय," ती म्हणाली. "पण स्वतःचं घर असलेला माणूस उभा राहायला पाहिजे. आमच्याकडं भाड्याची खोली. कोठडीत ते रात्रभर खोकतात. जगायचे नाहीत." तिनं एवढंच सांगितलं. तुम्ही या, असं म्हणाली नाही.

घर भिवाजीच्या नावावर होतं. जनीनं सासऱ्याकडं पाहिलं. म्हातारा ओट्याच्या दगडावर नखानं रेघा ओढत बसला.

"त्यानं माज्या पोऱ्याला चिखलान टाकला," तो म्हणाला.

"हां, आबा."

"कुत्र्याकोल्ह्यांच्या तोंडान."

"हां."

"आनि टाकीन उतरला तो पन त्योच."

भिवाजी उठला, पत्र्याच्या पेटीतून घरपट्टीची पावती काढली, ती टोपीत घडी करून घातली आणि तिघं कल्याणला निघाले.

कोर्टाच्या खिडकीपाशी गर्दी होती. व्हरांड्याच्या टोकाला दोन शिपायांच्या मधे सहदेव भिंतीला टेकून खाली बसला होता. भिवाजीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. साक्षीचा तो दिवस सोडला तर त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. सहदेवनं हात जोडायचा प्रयत्न केला, पण हातकडीमुळं एकच हात वर आला. भिवाजीनं मान फिरवली.

खिडकीतल्या कारकुनानं पावती उलटीपालटी करून पाहिली. "आरोपी तुमचा कोण लागतो?"

भिवाजीनं पुन्हा व्हरांड्याच्या टोकाकडं पाहिलं.

"अहो, नातं काय? नातेवाईक, मालक, शेजारी? काहीतरी लिहावं लागतं."

जनी पुढं झाली. "आमच्या मानसाला त्यानं वर काढला," ती म्हणाली. "काय लिवायचं ते तुमी लिवा."

कारकुनाला त्यातलं काही कळलं नाही. मागून लोक रेटत होते. त्यानं पेन झटकलं, रकान्यात 'ओळखीचा' असं लिहिलं आणि शाईचं पॅड पुढं सरकवलं. भिवाजीनं अंगठा पॅडवर दाबला. कागदावर टेकवायच्या आधी तो त्यानं थोडा वेळ तसाच हवेत धरला. मग त्यानं टेकवला.